प्रत्यार्पणाच्या मागणीवर अटक: आधी जामीन की थेट हेबियस कॉर्पस?

सध्यानाव:
नमस्कार. हा आयडी फक्त या प्रश्नासाठी काढलाय, समजून घ्या.

माझ्या ताईचे यजमान, आम्ही त्यांना दाजी म्हणतो, युरोपातल्या एका देशात भागीदारीत धंदा करायचे. भागीदारी फिस्कटली, दाजी भारतात परतले आणि इथे नव्याने काम सुरू केलं. तिकडच्या भागीदाराने अफरातफरीची तक्रार केलीय हे त्यांना माहीत होतं. तिथल्या पोलिसांचा ईमेल आला होता, त्याला त्यांनी उत्तरही दिलं होतं. पुढे काहीच झालं नाही, म्हणून आम्हाला वाटलं विषय संपला.

महिन्याहून जास्त झाला, दुबईला निघालेले असताना मुंबई विमानतळावर इमिग्रेशनला अडवलं. "तुमच्या नावाने इंटरपोलची रेड नोटीस आहे, लुकआउट आहे" एवढंच सांगितलं. रात्रभर तिथल्याच एका खोलीत बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी अटक दाखवली आणि ट्रान्झिट रिमांड (दुसऱ्या शहरात नेण्याची कोर्टाची परवानगी) घेऊन दिल्लीला नेलं. सध्या तिहारमध्ये आहेत. पतियाळा हाऊस कोर्टात तारीख पडते, सरकारी वकील म्हणतात "परदेशातून कागद यायचेत", आणि कोठडी वाढते. दाजी ५८ वर्षांचे आहेत, मधुमेह आहे, पासपोर्ट जप्त आहे.

आमच्या नेहमीच्या वकिलांचं म्हणणं, प्रत्यार्पणात जामीन नसतोच, वाट बघा. दिल्लीतले एक वकील म्हणतात, जामिनाच्या नादाला लागू नका, हायकोर्टात हेबियस टाकू (म्हणजे बेकायदा डांबलेल्या माणसाला सोडवण्याची याचिका), आठवड्यात माणूस बाहेर. त्यांनी फीचा जो आकडा सांगितला तो ऐकून ताई गप्पच झाली. दोघांपैकी कोणाचं ऐकायचं? आधी अटकेला आव्हान द्यायचं की जामीन मागायचा?

अर्धविराम:
मल्ल्याला लंडनमध्ये अटक झाली त्याच दिवशी जामिनावर सोडला होता. त्याला मिळतो तर तुमच्या दाजींना का नाही? जामीनच मागा.

काळा डगला:
अर्धविराम, तो इंग्लंडचा कायदा. आणि त्याच कोर्टाने नीरव मोदीला पुन्हा पुन्हा नाकारला, तेही सांगा की. असो.

सध्यानाव, मी दिल्लीत फौजदारी वकिली करतो. प्रत्यार्पणाची मोजकीच प्रकरणं हाताळली आहेत, पण ती बारकाईने. तुम्हाला भेटलेल्या दोन्ही वकिलांचं म्हणणं मला पटत नाही.

"प्रत्यार्पणात जामीन नसतो" हे आमच्या बारमध्ये इतक्या वेळा म्हटलं जातं की लोक कायदा उघडायचेच बंद झालेत. प्रत्यार्पण कायदा १९६२, कलम २५ वाचा. त्यात सरळ लिहिलंय की या कायद्याखाली अटकेत असलेल्या माणसाला फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या जामिनाच्या तरतुदी लागू होतात, जणू तो गुन्हा त्याने भारतातच केला आहे असं समजून. पुढे असंही आहे की त्या मॅजिस्ट्रेटला जामिनापुरते सेशन्स कोर्टाइतके अधिकार असतात. म्हणजे "हा माझ्या अधिकारातला विषय नाही, वर जा" असं मॅजिस्ट्रेटना म्हणता येत नाही. ती जुनी संहिता (सीआरपीसी) गेली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (बीएनएसएस) आली, तेव्हा अर्जात जुन्या ४३७, ४३९ च्या जागी ४८० आणि ४८३ ही कलमं येतील. गाभा तोच.

याचा एक परिणाम वकीलसुद्धा विसरतात. तिकडच्या आरोपाला भारतातलं समकक्ष कलम कोणतं, हे जामिनाच्या अर्जातच मांडावं लागतं. ते कलम इथे जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे, कोर्टाची मेहेरबानी नाही. फसवणुकीचं (पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८(४)) असेल तर अजामीनपात्र, पण कमाल शिक्षा सात वर्षं. उलट आरोप अमली पदार्थांचा असेल तर सरकारी वकील अमली पदार्थविरोधी कायद्याचं (एनडीपीएस) कलम ३७ काढणारच, आणि मग चढण फार अवघड. दाजींचा आरोप पैशांचा आहे, म्हणजे त्या मानाने बरी जागा आहे.

आता हेबियसवाले. "आठवड्यात बाहेर" हे वाक्य ज्या वकिलाच्या तोंडून येईल त्याला नमस्कार करून निघावं. हेबियस कॉर्पस म्हणजे या माणसाला कोणत्या अधिकाराने डांबलंय ते दाखवा, एवढा प्रश्न. उत्तरात सरकार मॅजिस्ट्रेटचा रिमांड दाखवतं. आणि सुप्रीम कोर्टाने मनुभाई रतिलाल पटेल प्रकरणात सांगून ठेवलंय की कोठडी न्यायालयाच्या आदेशाने असेल, आणि तो आदेश अधिकारक्षेत्राबाहेरचा किंवा निव्वळ यांत्रिकपणे दिलेला नसेल, तर हेबियस चालत नाही. तेव्हा आपल्याला आधी बघायचंय की तुमच्या प्रकरणात त्या आदेशाच्या पायातच खोट आहे का. ते कळल्याशिवाय याचिका म्हणजे पैसे पाण्यात.

म्हणून मला तीन गोष्टी सांगा. वॉरंटवर कोणतं कलम लिहिलंय, ९, ३४ब की ६? वॉरंटची तारीख अटकेच्या आधीची की नंतरची? आणि अटकेची कारणं लेखी दिली का? अंदाजाने सांगू नका. वकिलांना ऑर्डरशीटच्या, म्हणजे कोर्टाच्या तारीखवार नोंदींच्या, सर्टिफाईड नकला काढायला सांगा, पहिल्या तारखेपासूनच्या सगळ्या. मुंबईचा ट्रान्झिट रिमांडचा आदेशही. लोक नेमका तोच विसरतात.

सध्यानाव:
तुमचे फार आभार. नकला मिळाल्या. वॉरंट दिल्लीच्या मॅजिस्ट्रेटचं आहे, कलम ३४ब. तारीख अडवलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची, वेळ लिहिलेली नाही. अटकेच्या कागदावर दाजींची सही आहे, पण त्यात "इंटरपोल रेड नोटीसनुसार हवा असलेला इसम" याखेरीज काही नाही. विमानतळावर किती वाजता अडवलं ते कुठेच नाही. दाजी म्हणतात रात्रीचे अकरा वाजले होते, आणि ताईला त्यांनी तेव्हा मेसेज केला होता तो आहे.

काळा डगला:
तो मेसेज जपा. स्क्रीनशॉट पुरेसा नाही, फोन तसाच ठेवा, बदलू नका.

आता ३४ब म्हणजे काय ते. परदेश तातडीने सांगतो, "माणूस हातचा जाईल, आधी धरून ठेवा, रीतसर मागणी मागून पाठवतो." त्यावर केंद्र सरकार मॅजिस्ट्रेटना विनंती करतं आणि तात्पुरतं वॉरंट निघतं. १९९३ च्या दुरुस्तीने आलेलं कलम आहे हे. त्याच्याच पोटात मुदत दिलीय: अटकेपासून ६० दिवसांत प्रत्यार्पणाची रीतसर मागणी आली नाही तर माणसाला सोडायचं. इथे "सोडावं लागेल की कसं" असा वाद नाही, इंग्रजीत शब्द "शॅल" आहे.

कलम ९ वेगळं. त्यात मॅजिस्ट्रेट स्वतःपुढे आलेल्या माहितीवरून वॉरंट काढतात आणि केंद्राला कळवतात. तिथे तीन महिन्यांत कलम ५ चा, म्हणजे चौकशी करा असा केंद्राचा आदेश आला नाही तर सुटका. आणि रीतसर मागणी आल्यावर कलम ५ चा आदेश, मग कलम ६ चं वॉरंट, मग कलम ७ ची चौकशी, अशी ती मुख्य वाट. तीन वाटा, तीन घड्याळं. आपलं घड्याळ कोणतं हे न बघता वकील मंडळी सीआरपीसीचं १६७(२), आताचं बीएनएसएसचं १८७, त्याचा साठ-नव्वद दिवसांचा डिफॉल्ट जामीन मागत बसतात. माझ्या मते तो इथे बसत नाही. इथे पोलीस तपास करत नाहीत, चार्जशीट यायचीच नसते, मग ती आली नाही म्हणून जामीन कसा मागणार?

तुम्ही म्हणता महिन्याहून जास्त झाला. म्हणजे ६० दिवसांचं घड्याळ चालू आहे आणि सरकारी वकील "कागद यायचेत" म्हणतायत, ते स्वतःच सांगतायत की मागणी अजून आलेली नाही. पुढच्या तारखेला वकिलांनी एकच गोष्ट मागावी: रीतसर मागणी परराष्ट्र मंत्रालयाला मिळाली का, मिळाली असेल तर कोणत्या तारखेला, आणि दूतावासाच्या नोट वर्बलची (अधिकृत पत्राची) प्रत. सरकारी वकिलांचं तोंडी उत्तर ऑर्डरशीटमध्ये नोंदवून घ्या. साठाव्या दिवसानंतर "आली होती, आली होती" असा गोंधळ होतो, तेव्हा ही नोंद कामी येते.

एक मात्र ताईंना आधीच सांगा. ६० दिवसांवर सुटका झाली तरी प्रकरण संपत नाही. पुढे रीतसर मागणी आली तर पुन्हा अटक होऊ शकते. चिलीने मागितलेल्या एका फ्रेंच महिलेच्या प्रकरणात २०१५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने पहिली कार्यवाही रद्द केली, कारण भारत आणि चिलीमधला तह तेव्हा राजपत्रात अधिसूचित झालेला नव्हता. लगेच नव्याने तात्पुरतं वॉरंट निघालं, आणि २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते टिकवलं. १८९७ चा, ब्रिटिशांच्या काळातला तह, तोही लागू धरला गेला. तेव्हा पेढे वाटायची घाई नको.

आता विमानतळाची रात्र. इथे तुमच्याकडे दम आहे, पण तो कुठे वापरायचा हे कळलं पाहिजे.

रेड नोटीस म्हणजे अटक वॉरंट नव्हे. भावेश जयंती लखानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सुप्रीम कोर्ट, २००९. मुलाच्या ताब्यावरून अमेरिकेत निघालेलं वॉरंट आणि त्यावरची रेड कॉर्नर नोटीस. केवळ नोटिशीच्या जोरावर भारतात अटक करता येत नाही, परदेशाची मागणी आणि आपल्या कायद्यातली पायरी लागते, हा त्याचा गाभा. पोलीस मग सीआरपीसीच्या जुन्या ४१(१)(जी) चा आधार घेतात, जे आता बीएनएसएसच्या कलम ३५ मध्ये आहे: परदेशात केलेल्या गुन्ह्यासाठी विनावॉरंट अटक. पण ते कलमही "प्रत्यार्पणाच्या कायद्याखाली धरता येण्याजोगा" असं म्हणतं, म्हणजे फिरून तिथेच येतं.

आणि रात्री अकरापासून माणूस उठून जाऊ शकत नसेल तर तो अटकेतच आहे, कागदावर दुसऱ्या दिवशी दुपार लिहिली म्हणून काय झालं. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२(२) चे, मॅजिस्ट्रेटपुढे उभं करण्याचे २४ तास तिथून मोजायचे. प्रवासाचा वेळ वजा होतो, पण खोलीत बसवलेला नाही. मुंबईच्या कोर्टासमोर किती वाजता उभं केलं ते ट्रान्झिट रिमांडच्या आदेशात दिसेल.

तिसरं, अटकेची कारणं. "नोटीसनुसार हवा असलेला इसम" हे कारण नाही, ते फक्त वर्णन आहे. पंकज बन्सल (२०२३) पासून सुप्रीम कोर्ट या बाबतीत कडक झालंय, आणि विहान कुमार (फेब्रुवारी २०२५) मध्ये तर कारणं नीट न कळवल्यास अटकच बेकायदा आणि नंतरच्या रिमांडने ती सुधारत नाही, असं स्पष्ट म्हटलंय. हा मुद्दा मनुभाई पटेलच्या भिंतीला पाडू शकणारा एकमेव गंभीर मुद्दा आहे. सरकार म्हणेल, तात्पुरत्या वॉरंटवरची अटक वेगळी, वॉरंट दाखवलं की झालं. वॉरंट अटकेनंतरचं निघालं तर तो बचाव लंगडा पडतो. म्हणून वॉरंटवर वेळ नाही हे मला फार बोलकं वाटतं. मॅजिस्ट्रेटच्या त्या दिवसाच्या ऑर्डरशीटमध्ये सरकारी अर्ज कधी आला ते शोधा.

तर माझा सल्ला असा. पुढच्या तारखेला कलम २५ खाली जामीन अर्ज टाका, उशीर नको. त्यातच वरचे तिन्ही मुद्दे घाला. नाकारला तर हायकोर्टात जामीन, आणि सोबत स्वतंत्र रिट, अनुच्छेद २२६ खाली, अटक आणि रिमांड रद्द करण्यासाठी. तिला हेबियस म्हणा की आणखी काही म्हणा, मागणी नीट लिहा. अटक बेकायदा ठरली तरी मागणी कायम राहते, पण तात्पुरता श्वास मिळतो. नुसतं हेबियस टाकून बसलात आणि ते तीन-चार तारखांनंतर फेटाळलं गेलं, तर तेवढा वेळ जामीन अर्जाविना गेलेला असतो. माझं खरं भांडण त्या दुसऱ्या वकिलांशी तिथेच आहे.

कलमबहाद्दर:
लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून थोडी भर. जगभर याबाबत एकमत नाही. अमेरिकेत १९०३ च्या राइट विरुद्ध हेंकेल निकालापासून प्रत्यार्पणात जामीन न देणं हाच नियम, "विशेष परिस्थिती" दाखवली तरच. २६/११ प्रकरणातल्या तहव्वूर राणाला तिथे वर्षानुवर्षं आतच राहावं लागलं, आणि तिथल्या मॅजिस्ट्रेटच्या निर्णयावर थेट अपील नसतं, हेबियस हाच रस्ता. तो त्याने सुप्रीम कोर्टापर्यंत नेला आणि हरला. एप्रिल २०२५ मध्ये भारतात आणला. कॅनडात उलट. चिनी कंपनी हुआवेच्या मेंग वान्झौ यांना १ डिसेंबर २०१८ ला व्हँकुव्हरमध्ये अटक झाली आणि अकरा तारखेला जामीन मिळाला, एक कोटी कॅनेडियन डॉलर आणि पायात ट्रॅकर. विकिलीक्सच्या ज्युलियन असांजचं अजब: जानेवारी २०२१ मध्ये लंडनच्या कोर्टाने प्रत्यार्पणच नाकारलं, तरी दोन दिवसांनी जामीन नाकारला, कारण पूर्वी जामीन मोडून वकिलातीत जाऊन बसला होता. भारत कुठे बसतो?

काळा डगला:
कायद्याच्या शब्दांत इंग्लंड-कॅनडाच्या जवळ, कारण कलम २५ मध्ये जामिनाविरुद्धचं गृहीतक नाही. कोर्टातल्या मनोवृत्तीत बऱ्याचदा अमेरिकेच्या जवळ. सरकारी वकील उभे राहून म्हणतात, "हा पळाला तर देशाची नाचक्की, परदेशाशी केलेला करार मोडेल." बहुतेक मॅजिस्ट्रेट त्या वाक्याला दचकतात.

असांजचं उदाहरण मात्र छान काढलंत. शेवटी सगळं "पळेल का?" याच प्रश्नावर येतं. पुराव्यात ढवळाढवळ, साक्षीदारांवर दबाव, हे मुद्दे प्रत्यार्पणात मुळात लंगडे, कारण साक्षीदार आणि कागद तिकडे आहेत, दाजी तिहारमध्ये. राहतो तो पळण्याचा धोका. आणि त्यावर तुमच्याकडे एक हत्यार आहे जे तुम्हीच ओझरतं लिहिलंत: तिकडच्या पोलिसांच्या ईमेलला दिलेलं उत्तर. तक्रार माहीत असलेला माणूस आपल्याच नावाने, आपल्याच पत्त्यावर, भारतात उघडपणे धंदा करत होता. त्या उत्तराची हेडरसकट प्रत, नंतरची आयकर विवरणपत्रं, जीएसटी नोंदणी, भाडेकरार किंवा घराचे कागद, सगळं एकत्र करा. सरकारी वकील दुबईच्या तिकिटाकडे बोट दाखवणार हे धरून चाला. परतीचं तिकीट होतं का? कामासाठी जात होते त्याचा काही ईमेल, आमंत्रण? तेही जोडा.

मधुमेहाचा मुद्दा एकट्याने चालत नाही. तिहारमध्ये डॉक्टर आहेत असं उत्तर येतं. उपचाराचा जुना इतिहास असेल आणि तुरुंगातल्या तपासणीत साखर बिघडलेली दिसत असेल तर जेल अधीक्षकांचा वैद्यकीय अहवाल मागवा, कोर्ट मागवतं. नुसतं खासगी डॉक्टरांचं प्रमाणपत्र दिलंत तर त्याकडे कोणी बघत नाही.

निशिगंध:
माझा धाकटा भाऊ अशाच प्रकरणात आत होता. कायद्याचं काळा डगला यांनी सांगितलंय, मी जामीन मिळाल्यानंतरचं सांगते, कारण आम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं. आदेश झाला म्हणजे माणूस संध्याकाळी घरी, असं डोक्यात होतं. जामीनदार आमचे काका, महाराष्ट्रातले. त्यांच्या कागदांची पडताळणी इकडच्या पोलीस ठाण्यातून व्हायची होती आणि तिकडून कागद हलेचना. भाऊ जामीन मिळूनही आतच होता. काकांचं मुदत ठेवीचं प्रमाणपत्र बँकेच्या पत्रासह आधीच दिलं असतं तर बरं झालं असतं असं नंतर कळलं. दुसरं, मुलाखतीला जाताना औषधं नेऊ नका, घेत नाहीत. वकिलांकरवी अर्ज करून कोर्टाचा आदेश घ्या, मग तुरुंगाच्या दवाखान्यातून मिळतात.

आणि ताईंना सांभाळा. आमच्या वहिनीला नातेवाईक विचारायचे "काय केलं त्याने?" त्याचं उत्तर तिने देणंच बंद केलं. ते बरोबर होतं.

काळा डगला:
निशिगंधताई, जामीनदाराचा मुद्दा अगदी खरा. सध्यानाव, वकिलांना सांगा की स्थानिक जामीनदाराची अट घालू नये अशी विनंती अर्जातच करायची. १९७८ च्या मोतीराम प्रकरणात मॅजिस्ट्रेटने दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार नाकारला, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी चांगलंच सुनावलं होतं. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सुप्रीम कोर्टाने पुन्हा सांगितलं की स्थानिक जामीनदाराच्या हट्टामुळे सुटका लांबते, ती अट टाळावी. तरी घालतात. म्हणून आधीच मागा.

बाकी अटी स्वतःहून देऊ करा: पासपोर्ट जमा, ठाण्यात हजेरी, एकच मोबाईल नंबर, परवानगीशिवाय शहर सोडणार नाही. फोनचं लोकेशन सतत शेअर करण्याची अट मात्र कबूल करू नका. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने फ्रँक व्हायटस प्रकरणात ती अट खासगीपणाच्या हक्काविरुद्ध म्हणून काढून टाकली. काही वकील कोर्टाला खूश करायला तीच सर्वात आधी देऊ करतात.

अर्धविराम:
एक शंका. अटक व्हायच्या आधीच कुणाला कळलं असतं, तर अटकपूर्व जामीन मिळाला असता का?

काळा डगला:
मागता आला असता. थायलंडच्या मागणीवरच्या एका प्रकरणात २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने म्हटलं की प्रत्यार्पण कायद्याने अटकपूर्व जामिनाची वाट बंद केलेली नाही. मिळेलच असं नाही, अर्ज चालतो एवढं नक्की.

सध्यानाव:
परतीचं तिकीट होतं, चौथ्या दिवसाचं. दुबईत एका प्रदर्शनाला जात होते, नोंदणीची पावती सापडली. ताईला हे सगळं वाचून दाखवलं. शेवटचा प्रश्न: ६० दिवसांच्या आत रीतसर मागणी आलीच, तर? मग सगळं संपलं का?

काळा डगला:
नाही. तेव्हा खरी चौकशी सुरू होते. केंद्र सरकार कलम ५ खाली आदेश देतं आणि मॅजिस्ट्रेट कलम ७ खाली बघतात की प्रथमदर्शनी प्रकरण आहे का. संपूर्ण खटला नसतो तो. सुप्रीम कोर्टाने सरबजित रिक सिंग प्रकरणात सांगितलंय की इथे साक्षीपुराव्याच्या कडक नियमांनी तोलायचं नाही. पण दाजी स्वतःच्या बाजूने पुरावा देऊ शकतात: हा गुन्हा प्रत्यार्पणयोग्यच नाही, हा निव्वळ भागीदारीतला दिवाणी वाद आहे, वगैरे. पैशाच्या प्रकरणात हा शेवटचा मुद्दा अनेकदा मजबूत असतो. भागीदारीचा करार, बँकेचे उतारे, वाटणीचे ईमेल आत्ताच गोळा करायला लागा. ते परदेशी भाषेत असतील तर भाषांतर करून घ्यायला वेळ लागतो.

या काळातही कलम २५ लागू असतं, जामीन मागता येतो, नाकारला असेल तर बदललेल्या परिस्थितीवर पुन्हा. चौकशीत प्रकरण उभं राहिलं नाही तर तिथेच सुटका. राहिलं तर तुरुंगात पाठवून अहवाल केंद्राला जातो, आणि त्यासोबत दाजींचं लेखी निवेदन जोडता येतं. ते देऊन टाका, कुणी मागण्याची वाट बघू नका. शेवटचा निर्णय केंद्र सरकारचा. कलम २९ खाली मागणी क्षुल्लक आहे किंवा सद्हेतूने केलेली नाही असं वाटलं तर सरकार सोडूही शकतं. आणि कोठडीत पाठवल्यावर दोन महिन्यांत देशाबाहेर नेलं नाही तर कलम २४ खाली हायकोर्टात सुटकेचा अर्ज. आधी केंद्राला नोटीस द्यावी लागते, ती तारीख आत्ताच डायरीत लिहायची गरज नाही.

प्रदर्शनाची पावती आणि परतीचं तिकीट जामीन अर्जाला परिशिष्ट म्हणून जोडा, शपथपत्र ताईंच्या नावाने. नोट वर्बलची तारीख कळली की इथे लिहा, ती अटकेपासूनच्या साठ दिवसांत बसते का ते मोजून सांगतो.

सध्यानाव:
वकील बदलले नाहीत, पण आमच्या नेहमीच्या वकिलांना कलम २५ ची प्रत काढून दिली. त्यांनी ती दोनदा वाचली. अर्ज उद्या दाखल होतोय.